बारा नंबरचं दार

अप्पा, आज मी तुमच्या वेन्नी कट्टडमात, त्या गरम पाण्याच्या इमारतीत, बसून कॉफी प्यायले. कितीला ते सांगत नाही, मेलेला माणूस उठून बसेल. कॉफी बरी होती, आईच्या हातची नव्हती एवढंच. मी बसले होते तिथं पूर्वी पाच नंबरची न्हाणी होती. मधल्या भिंती पाडल्यात, पण जमिनीचा उतार आहे तसाच आहे, त्यामुळे प्रत्येक टेबलाचा एक पाय डुगडुगतो आणि त्याखाली कागदाची घडी सारलेली असते. पाण्याला वाट मिळावी म्हणून कधी काळी कुणा गवंड्यानं दिलेला उतार तो, आणि आता त्याच्यावर माणसं कप सावरत बसतात. मला एकदम हसू आलं. शेजारच्या टेबलावरच्या मुलामुलींनी माझ्याकडे वळून बघितलं. एकट्या म्हातारीनं हसलेलं लोकांना चालत नाही, त्यांना काळजी वाटायला लागते.

मी आता शोळिंगनल्लूरला राहते, हे तुम्हाला ठाऊक नाही. तुमच्या वेळी तिथं वाळू आणि सुरूची झाडं होती. आता काचेची ऑफिसं आहेत आणि एका इमारतीत नवव्या मजल्यावर तुमच्या नातवाचा फ्लॅट आहे. नातू म्हणजे दादाचा मुलगा. तो परदेशात स्थायिक झाला. वहिनी गेली, मागच्या पावसाळ्यात दादाही गेला. मी नोकरीतून निवृत्त होऊन बसलेच होते, तेव्हा तो म्हणाला, घर बंद ठेवण्यापेक्षा तू राहा. म्हणून मी राहते. लग्न केलं नाही मी. त्याचा अंदाज तुम्हाला असेलच, तुम्हीच म्हणायचात की हिच्या जिभेला सासर झेपायचं नाही. नातवाचा रविवारी फोन येतो. तो इंग्रजीत बोलतो, मी तमिळमध्ये, आणि मराठी म्हणून आमच्यात 'आत्या' एवढा एकच शब्द उरलाय. बाथरूममध्ये तीन तऱ्हेचे नळ आहेत, वरून पडणारं, बाजूनं येणारं, हातात धरायचं. पाणी मात्र लॉरीनंच येतं. न्हाऊन बाहेर आलं की घर इतकं गप्प असतं की मी टीव्ही लावून ठेवते, बघत नाही.

तर गेल्या आठवड्यात एका मुलाचा फोन आला. वास्तुकला शिकलेला, तिशीचा असेल, बोलायला गोड. जॉर्ज टाउनमधलं ते जुनं स्नानगृह आम्ही दुरुस्त केलंय म्हणाला, खाली कॉफीचं दुकान केलंय, भिंतीवर जुना इतिहास लावलाय, आणि तुम्ही तिथल्या मॅनेजरच्या कन्या असं कळलं, तर आंटी एकदा येऊन बघाल का, काही चुकलं असेल तर सांगाल का, घरात त्या काळची एखादी वस्तू असेल तर प्रदर्शनाला द्याल का. मॅनेजर म्हणे. कागदोपत्री तुम्ही मॅनेजर होतातच, पण बंबात लाकडं घालणारे तुम्ही, हौद घासणारे तुम्ही आणि सोमवारी सकाळी सांडपाण्याच्या मोरीत हात घालणारेही तुम्हीच. मी हो म्हटलं. कुणी 'या' म्हणून बोलावल्याला फार दिवस झाले होते, खोटं कशाला बोलू.

ब्रॉडवेच्या बसनं गेले. गल्ली तीच आहे. हातगाड्या, कागदाचे गठ्ठे, लग्नपत्रिकांची दुकानं, आणि मध्येच ती लाल इमारत, न्हाऊन-माखून बसल्यासारखी. दारावरचा दगड पुसून लख्ख केलाय. बंदरावर उतरणाऱ्या, परगावहून आलेल्या, घर नसलेल्या माणसाला दोन घागरी गरम पाणी मिळावं म्हणून कुणा व्यापाऱ्यानं बांधलेली ती धर्मादाय इमारत, असं त्या दगडावर तेलुगू आणि तमिळमध्ये लिहिलंय, ते मला लहानपणी अर्धंच वाचता यायचं कारण वरचा भाग धुरानं काळा झालेला असे. पुढं बारा न्हाण्या पुरुषांच्या, मागं तीन बायकांच्या, मधे विहीर, आणि बंबाच्या पाठीला आपल्या दोन खोल्या. आईला सरपण कधी विकत घ्यावं लागलं नाही. तुमच्या बंबातले निखारे तिच्या शेगडीत यायचे आणि त्यावर वांगं भाजून ती चिंच घालून गोत्सू करायची. आपल्या स्वयंपाकघराची एक भिंत कायम गरम असायची. परीक्षेच्या दिवसांत मी तिला पाठ लावून अभ्यास करायची आणि घामाघूम व्हायची, पण तिथून हलायची नाही.

दीपावलीच्या पहाटे तर रांग पार मारवाड्याच्या दुकानापर्यंत. डोक्याला तेल थापलेले हमाल, कारकून, खाणावळीतले वाढपी, सगळे एकमेकांना विचारायचे, गंगास्नानम आच्चा, गंगास्नान झालं का. विहिरीच्या पाण्याला त्या दिवशी गंगा म्हणायचं. आणि महिन्या-दोन महिन्यांनी ते सांगली-खानापूरकडचे गलाईवाले यायचे, सोनं आटवून शुद्ध करणारे. सोनारांच्या गल्ल्या जवळच, सोनार आपल्याकडे न्हायला येत, त्यांच्या केसांतनं, नखांतनं सोन्याची धूळ मोरीत उतरे, म्हणून मोरीतला गाळ ही माणसं उपसून न्यायची. आपली मोरी फुकटात साफ व्हायची आणि मला फुकटात मराठी ऐकायला मिळायचं. आपलं तंजावरी मराठी ऐकून त्यातला एक म्हातारा म्हणाला होता, "पोरी, तू जुन्या कागदावाणी बोलतीस की गं." मला इतका राग आला की मी त्याच्याकडूनच नवं मराठी शिकून घेतलं. पुढं नोकरीच्या नागपुरानं उरलेलं पक्कं केलं. म्हणून हे असं लिहितेय. तुमचं बोलणं मला बोलता येतं, कागदावर उतरत नाही, तेव्हा तुमच्या तोंडची वाक्यं मी इथं सरळ करून घालणार आहे. रागावू नका.

आता बारा नंबरचं. त्याच्यासाठीच हे सगळं चाललंय.

आपल्यात कुणी गेलं की नात्याच्या अंतरावर सगळं ठरतं. जवळच्याला दहा दिवस, लांबच्याला तीन, आणि त्याहून लांबच्याला नुसती आंघोळ. "त्यांची आपल्याला आंघोळ आहे," आई म्हणायची, आणि कुंभकोणमची कुठली तरी कधी न बघितलेली म्हातारी माझी कोण लागते ते मला तेव्हा कळायचं. पण अंतर कितीही असो, सुरुवात सगळ्यांची एकच. बातमी कानावर पडली की असाल तसे उठायचं, अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरून गार पाणी घ्यायचं. तमिळ घरांतही तेच. पण ज्याला घरच नाही त्यानं काय करायचं? जॉर्ज टाउन भरलेलं होतं अशा माणसांनी. दुकानाच्या माळ्यावर झोपणारे, लॉजमध्ये आठ जणांत एक खोली करून राहणारे. गावाहून तार यायची, हातात कागद घेऊन माणूस रस्त्यावर उभा राहायचा, आणि कुणीतरी त्याला सांगायचं, वेन्नी कट्टडमात जा.

त्यांच्यासाठी तुम्ही बारावी न्हाणी ठेवली होती. शेवटची, विहिरीला लागून. तिला कुलूप असायचं आणि किल्ली तुमच्या जानव्याला. तिथं पैसे घ्यायचे नाहीत, गरम पाणी द्यायचं नाही, साबण नाही, आणि कोण गेलं म्हणून विचारायचं नाही. जातही विचारायची नाही. बाकीच्या दारांबद्दल मला तसं छातीठोक सांगवत नाही, अप्पा. पहिल्या चार दारांवर जुन्या रंगाखाली कोणी कुठं जायचं ते लिहिलेलं होतं, आणि तुम्ही त्यावर रंगाचे तीन हात दिले होते, ते मी बघितलंय. बारा नंबरला पाणी तुम्ही स्वतः शेंदायचात. माणूस आत गेला, दार लागलं, की तुम्ही बाहेरून एकच वाक्य बोलायचात, "नान वेळिये निक्किरेन." मी बाहेर उभा आहे. बस. मग खरंच उभे राहायचात. मधून मधून खाकरायचात, म्हणजे आतल्याला कळावं की हा गेला नाही. आतून पहिल्या तांब्याचा आवाज यायला कधी दोन मिनिटं लागायची, कधी अर्धा तास. पुढं रांगेत माणसं ओरडायची, पाणी निवतंय म्हणून. तुम्ही हलायचा नाहीत.

मी पंधरा वर्षांची असताना मी केलेली चूक तुम्हाला आठवत असेल. तुम्ही लाकडाच्या वखारीत गेला होतात, आई देवळात, आणि गल्ल्यावर मी, पुस्तक घेऊन. एक माणूस आला. चाळिशीचा, पांढरा सदरा, बगलेत छत्री, कारकून असावा. "कुळिक्कणुम," म्हणाला, न्हायचंय. त्याच्या खिशात तारेचा कागद होता, मी बघितला, मला कळलंही. पण तो थरथरत होता. मला वाटलं, याला कशाला गार पाणी? मी त्याला तीन नंबर दिली, तिथला हौद सगळ्यात चांगला. दोन घागरी कढत पाणी दिलं, चंदनाची वडी दिली, धुतलेला टॉवेल दिला, आणि स्वतःवर खूश होऊन पुस्तक उघडून बसले. तुम्ही आलात. गल्ल्यावर विसरलेली छत्री बघितलीत, मला दोन प्रश्न विचारलेत आणि धावत गेलात. दार उघडून बघितलं तर तो माणूस कोरडा, कपड्यांसकट जमिनीवर बसलेला, आणि पाणी निवून गेलेलं. तुम्ही त्याला काखेत धरून बारा नंबरला नेलंत.

नंतर तुम्ही माझ्याजवळ आलात. तुम्ही ओरडत नव्हता, तेच वाईट. "गरम पाणी दिलंस ते जाऊ दे," म्हणालात. "तू त्याला आत घालून वाचत बसलीस."

"मग काय दारात उभी राहू? मी काय शिपाई आहे?"

"हो. त्या दारापुरते आपण शिपाईच." मग म्हणालात, "पाणी कुणीही आपलं आपण ओतून घेतं, पोरी. पण आपलं माणूस गेल्यावर तो पहिला तांब्या उचलत नाही. बाहेर कुणी आहे म्हटलं की उचलतो."

मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही, आणि तिसऱ्या दिवशी भूक लागली म्हणून बोलले. मनातून मात्र मी म्हणत होते, हे सगळं ह्यांचं खूळ आहे. ज्याला न्हायचं तो न्हाईल, बाहेर कोण आहे नि कोण नाही यानं पाण्याला काय फरक पडतो. किती शहाणी होते मी.

मग काय झालं ते आपण दोघांनी बघितलंच. घराघरांत नळ आले, लॉजवाल्यांनी खोलीलाच बाथरूम जोडली आणि तशा पाट्या लावल्या. बायकांच्या तीन न्हाण्या आधी गेल्या, तिथं लग्नपत्रिकांच्या कागदाचं गोडाऊन झालं, आणि कागद ओल धरतो म्हणून तो व्यापारी रोज तुमच्याशी भांडायचा, जणू न्हाणीघर कोरडं ठेवणं तुमचं काम होतं. मग पुढच्या सहा न्हाण्यांच्या मधल्या भिंती पाडून, दारं तशीच ठेवून, टायपिंगचा क्लास आला. विश्वस्तांनी बंब भंगारात दिला त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. दुष्काळाच्या साली मात्र सगळ्यांना विहीर आठवली, लॉरीवाले नळ्या टाकून पाणी ओढून न्यायचे, आणि तुम्ही खुर्ची टाकून बसायचात, पाव्हण्यांना वाढल्यासारखे. पगार कधीच बंद झाला होता. तारा येणंही थांबत आलं होतं. तरी तुम्ही बारा नंबरची किल्ली जानव्याला बांधून रोज सकाळी तिथं जायचात. कुणी यायचं का हो? मी कधी विचारलं नाही.

मला नागपूरला सरकारी नोकरी लागली तेव्हा तुम्ही सेंट्रलवर पोहोचवायला आलात. दादानं ट्रंक चढवली, आईनं डबा दिला. गाडी हलायच्या आधी तुम्ही खिडकीतून टॉवेलात गुंडाळलेलं काही माझ्या मांडीवर ठेवलंत. बारा नंबरमधला तांब्याचा तांब्या, कड जरा चेपलेला. "परगावचं पाणी आधी हातावर घेऊन बघत जा," एवढंच म्हणालात. मी म्हटलं, अप्पा, तिथं बादल्या-मग मिळतात. म्हटलंच मी तसं. गाडी सुटली, तुम्ही फलाटावर खाकरलात ते मला ऐकू आलं, आणि मी डबा उघडून बसले.

त्यानंतर दोन वर्षांनी ऑफिसात फोन आला. सकाळचे अकरा वाजले असतील. दादाचा आवाज लांबून येत होता, तो ओरडून ओरडून सांगत होता आणि सगळं ऑफिस ऐकत होतं. तुम्ही पहाटे गेलात, संध्याकाळच्या आत उरकावं लागेल, तू निघ पण पोहोचणार नाहीस. साहेबांनी रजा दिली. मी होस्टेलवर आले. दुपारचं नोकरदार बायकांचं होस्टेल, सगळ्या कामावर, मावशी बाजारात. माझी बादली सकाळचीच भरलेली होती, झाकण घातलेली. मी तुमचा तांब्या घेतला, आंघोळीच्या खोलीत गेले, कडी लावली, साडीनिशी पाटावर बसले. तांब्या बुडवला, भरला, वर उचलला, इथपर्यंत. मग मी वाट बघायला लागले. कशाची, ते मला तेव्हा कळेना. नळ ठिबकत होता तो ऐकला, जिन्यात मांजर होती ती ऐकली. बाहेर कुणी नव्हतं, अप्पा. मी किती वेळ बसले कोण जाणे, हात भरून आला. मग मी तांब्यातलं पाणी परत बादलीत ओतलं, कडी काढली आणि बाहेर आले. कोरडी. तो छत्रीवाला माणूस तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला.

दोन दिवसांनी घरी पोहोचले. आई दारातच होती, तिनं हात लावायच्या आधी विचारलं, "कळल्यावर आंघोळ केलीस ना गं तिथं?" मी म्हटलं, "केली." तिनं मला जवळ घेतलं. घरी नळाखाली सगळ्यांसारखी डोक्यावरून न्हालेच की मी, पुढचे दहा दिवस रोज न्हाले. पण ती नव्हे. ती एक राहिली. आईनं मरेपर्यंत पुन्हा विचारलं नाही, आणि मी आपण होऊन सांगितलं नाही. पस्तीस वर्षं झाली. लोक म्हणतील, एका तांब्याचं काय घेऊन बसलीस. मीच म्हटलं असतं.

खरं सांगू का, दादा गेल्यापासून हे जास्त टोचायला लागलंय. त्याच्यासाठी मी न्हाले, त्या नवव्या मजल्यावर, टीव्ही मोठ्यानं लावून. आणि अंग पुसताना मनात आलं, माझी आंघोळ आता कुणाला आहे? नातवाला आहे म्हणा, शास्त्राप्रमाणे तीन दिवस. पण त्याला हे कोण सांगणार? त्याच्याकडे बर्फ पडत असेल. तो दोन मिनिटं गप्प बसेल, भला मुलगा आहे, आणि मग ऑफिसला जाईल. माझ्या नावानं कुणाच्याही डोक्यावरून पाणी जाणार नाही, हा विचार असा काही बसला मनात की मी रात्री उठून मोऱ्या घासायला लागले.

तर आज. तो मुलगा दारात घ्यायला आला, त्यानं सगळं फिरवून दाखवलं. विहिरीवर जाड काच घातलीय आणि आत दिवे सोडलेत. पहिल्या चार दारांवरचे तुमचे रंगाचे तिन्ही हात त्यांनी खरवडून काढलेत, खालची जातींची नावं बाहेर काढून त्यावर काच बसवलीय. "ओरिजिनल, आंटी," तो म्हणाला. मी म्हटलं, ज्यानं ते झाकलं त्याचंही काम ओरिजिनलच होतं. त्यानं ते फोनवर टिपून घेतलं, पण हसून. मग बाराव्या दाराशी आलो. दार तेच आहे, जुन्या सागाचं. शेजारी सुबक पाटी: 'ही खोली विशेष पाहुण्यांसाठी राखीव व कुलूपबंद असे.' आणि दारावर पितळी बाई-बुवा. तुमचा बारा नंबर आता त्यांचा संडास आहे, अप्पा. विहिरीची आणि मोरीची लाइन तिथंच जवळ पडते म्हणाला. बिचारा ओशाळला.

मी त्याला सगळं सांगितलं. तारांचं, गार पाण्याचं, तुमच्या उभं राहण्याचं. तो मन लावून ऐकत होता, त्याला नावं ठेवणार नाही मी. ऐकून झाल्यावर म्हणाला, "छान आहे आंटी, पण लोक इथं खायला येतात. थोडं जड होईल." पाटीत शब्द बदलता येतील का ते बघतो म्हणाला. त्याला फोन आला आणि तो अंगणात गेला. जाता जाता जुनी वस्तू आणलीत का विचारलं. मी म्हटलं, विसरले. माझ्या पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला तांब्या होता.

मग मी ती कॉफी प्यायले. आणि म्हातारपणी जे होतं ते झालं, मला उठावं लागलं. कॉफी आणून देणारी मुलगी, वीस-एकवीस वर्षांची, तिरुनेलवेलीकडची बोली, कपाळाला विभूतीची बारीक रेघ, ती मला बाराव्या दारापर्यंत घेऊन आली. दार ढकलून बघितलं, कडी हलवली. "पाट्टी, ही कडी नीट बसत नाही, जुनं दार आहे ना," म्हणाली, मला आजी करून टाकत. "तुम्ही जा. नान वेळिये निक्किरेन."

दार लागलं. आत सगळं पांढरं आहे, फरशी, भांडं, बेसिन. वरचा झरोका तेवढा जुना, त्यातून उजेड तसाच तिरपा येतो. मी जे करायला आले होते ते राहिलंच. मी पिशवीतून तांब्या काढला आणि बेसिनच्या नळाखाली धरला. चेपलेल्या कडेवरून पाणी सांडत होतं. बाहेर ती पोरगी चपलेनं जमिनीवर ठेका धरून उभी होती, ते ऐकू येत होतं. मग ती खाकरली. धूळ असते तिथं कागदाची, सगळेच खाकरतात. मी तांब्या डोक्यावर उपडा केला. मग दुसरा. मग तिसरा. मोठ्यानं रडले, अप्पा, पंधरा वर्षांच्या पोरीसारखी, आणि पाणी उतारावरून तुमच्या जुन्या मोरीच्या दिशेनंच गेलं.

"पाट्टी, ओके वा?" तिनं विचारलं. मी म्हटलं, हो, जरा थांब. "निक्किरेन," ती म्हणाली.

बाहेर आले तेव्हा केसांतून, साडीतून पाणी गळत होतं. शहरातली कुणी असती तर तिला वाटलं असतं, नळ फुटला, नाहीतर म्हातारीचं डोकं फिरलं. या पोरीनं मला वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं आणि तिचा चेहरा बदलला. तिच्या गावात असं कपड्यांनिशी भिजून कोण बाहेर येतं, ते तिला ठाऊक होतं. तिनं टेबलावरचं धुतलेलं कापड आणून माझ्या खांद्यावर टाकलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

तुमचा नियम मोडला तिनं. पण मला बरं वाटलं. मी म्हटलं, "अप्पा."

"केव्हा?"

परतीची बस वाटेत तिरुवान्मियूरला येईपर्यंत साडी वाळली होती. आता घरी येऊन हे लिहितेय, टीव्ही लावलेला नाही. हे कागद तांब्यात घालून ठेवीन, दुसरीकडे कुठं पाठवणार. तेवढं एक सांगायचं राहिलं. केव्हा, असं तिनं विचारल्यावर मला पस्तीस वर्षं म्हणवेना. मी तिला म्हटलं, आत्ताच कळलं.